चंद्रावर बग्गी चालवण्याची शर्यत कोणीच का जिंकले नाही?

प्रश्न – लेथवाला (ठाणे)

नमस्कार. मी वागळे इस्टेटमधील एका लहान वर्कशॉपमध्ये टर्निंगचे काम करतो. माझा भाचा ऐरोलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे; त्याने व त्याच्या चार मित्रांनी साडेसहा किलो वजनाची सहाचाकी बग्गी तयार केली असून तिची ॲल्युमिनियमची चाके मी लेथवर काढून दिली आहेत. गेल्या रविवारी तुर्भ्याच्या क्रशरवरून आणलेली चार गोणी भुकटी आम्ही सोसायटीच्या गच्चीवर पसरली आणि बग्गी सोडली, तेव्हा ती हातभर जाते न जाते तोच मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि आसापर्यंत रुतली. (पाण्याच्या टाकीवर धूळ बसली म्हणून सेक्रेटरींनी ऐकवले, ते वेगळेच.)

मुलांच्या डोक्यात गूगलने पुरस्कृत केलेली जुनी लूनर एक्स प्राइझ स्पर्धा आहे. २००७ साली जाहीर झालेल्या त्या स्पर्धेत खासगी गटाने चंद्रावर यान अलगद उतरवून, तिथे ५०० मीटर अंतर कापून, चित्रे पृथ्वीवर पाठवायची होती. मुदत वारंवार वाढवली, तरी पहिले बक्षीस कोणालाच मिळाले नाही. ५०० मीटर म्हणजे आमच्या गल्लीपासून रिक्षा स्टँडपर्यंतचे अंतर. मग एवढे जाणकार लोक नेमके कुठे अडले? आणि आमची चाके का रुतली, हेही कोणी सांगू शकेल काय?

उत्तर – खाडीपल्याड (वाशी)

आपण ज्या ५०० मीटरचा विचार करत आहात, तो त्या स्पर्धेतला सर्वांत सोपा भाग होता. पहिले बक्षीस २ कोटी डॉलरचे होते आणि खर्चाचा निदान ९० टक्के भाग खासगी स्रोतांतून उभा करण्याची अट होती. पण याच स्पर्धेतल्या इस्रायली गटाच्या बेरेशीट यानाला पुढे जवळपास १० कोटी डॉलर लागले, यावरून बक्षिसासाठी धावणे हा हिशेबच मुळात आतबट्ट्याचा होता हे ध्यानात येईल. आपल्या बंगळूरूच्या टीमइंडस या गटाला उतरण्याच्या तंत्रासाठी २०१५ साली १० लाख डॉलरचे टप्प्याचे बक्षीस मिळाले होते, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून उड्डाणाचा करार झाला होता, इतकेच नव्हे तर प्रतिस्पर्धी जपानी गट हाकुतोची बग्गीही त्यांच्याच यानातून जाणार होती. तरीही पैशांची जुळवाजुळव झाली नाही, करार बारगळला, आणि ३१ मार्च २०१८ या शेवटच्या मुदतीपूर्वी कोणीच उड्डाण करू शकणार नाही हे त्याच वर्षीच्या जानेवारीत जाहीर झाले.

पैसा मिळाल्यावर काय होते, ते नंतर दिसले. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक असतो आणि तिथे हवा नसल्यामुळे पॅराशूटचा काडीचाही उपयोग होत नाही. तो सगळा वेग इंजिनानेच मारावा लागतो. पृथ्वीवरून संदेश जाऊन उत्तर यायला सुमारे अडीच सेकंद लागत असल्याने अखेरची मिनिटे यानाने स्वतःच निभावायची असतात. बेरेशीट ११ एप्रिल २०१९ रोजी उतरताना त्याचे एक गतिमापक उपकरण बिघडले, त्या गडबडीत मुख्य इंजिन बंद पडले आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत फार उशीर झाला होता.

हाकुतोमागच्या आयस्पेस कंपनीची २०२३ सालची गोष्ट मात्र मुलांना मुद्दाम सांगावी. यान एका विवराच्या कड्यावरून पुढे सरकले तेव्हा खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खोल गेली. उंचीमापकाने ती खरी उंची बरोबर दाखवली, पण एवढी मोठी उडी संभवतच नाही असे समजून संगणकाने त्या बरोबर असलेल्या उपकरणालाच खोटे ठरवले. आपण जमिनीला टेकत आहोत अशा समजुतीत यान प्रत्यक्षात सुमारे ५ किलोमीटर उंचीवर हळूहळू उतरत राहिले आणि इंधन संपल्यावर कोसळले. उतरण्याची जागा मोहिमेच्या तयारीत उशिरा बदलली होती आणि नव्या वाटेवरच्या त्या कड्याचा पुरेसा विचार झाला नव्हता. गच्चीवर चाके रुतली म्हणून खट्टू झालेल्या मुलांना यातून थोडा दिलासाही मिळेल. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या फायरफ्लाय कंपनीचे ब्लू घोस्ट यान सरळ उभे उतरले. ती कंपनी त्या जुन्या स्पर्धेत नव्हतीच.

उत्तर – काळा पाषाण (बेलापूर)

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त मातीबद्दल लिहितो, कारण मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवले. तुर्भ्याचा दगड बेसॉल्ट आहे आणि चंद्रावरचे जे काळे डाग आपल्याला दिसतात तेही बेसॉल्टचेच आहेत, म्हणून आपली निवड अगदीच चुकीची नाही. मात्र चंद्राचा उजळ, डोंगराळ भाग अनॉर्थोसाइट या खडकाचा असतो. चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी इस्रोने तो तमिळनाडूतल्या सित्तमपुंडी परिसरातून आणून दळला होता. क्रशरच्या भुकटीचे कण टोकदार असतात, ही जमेची बाजू. चौपाटीची गोटीसारखी गोल वाळू कधीही वापरू नये.

आता रुतण्याविषयी. चाके गुळगुळीत असतील तर ती रुतणारच. त्यांवर अर्ध्या इंचाच्या आडव्या पट्ट्या बसवा आणि चाकाची रुंदी वाढवा. शिवाय चंद्रावर वजन एक षष्ठांश भरते, म्हणजे आपली साडेसहा किलोची बग्गी तिथे सव्वा किलोलाही कमी भरेल, तेव्हा वरून कप्पी आणि प्रतिभार लावून तिचे वजन उचलून धरल्याशिवाय चाचणीवरून काही ठरवू नका. ठाण्याची दमट हवा भुकटीला चिकटपणा आणते, म्हणून ती पत्र्यावर भाजून कोरडी करून घ्या, आणि चाळताना तोंडाला मास्क बांधायला विसरू नका. बेअरिंगला सील नसेल, तर आठवडाभरात ते वाजू लागेल.

लेथवाला (ठाणे)

दोघांचेही आभार. चाके गुळगुळीतच होती. मीच हौसेने पॉलिश करून दिली होती. मुलांनी काल त्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या रिव्हेट केल्या आणि कोरड्या भुकटीत बग्गी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता गेली, मात्र डाव्या मधल्या चाकाचे बेअरिंग आतापासूनच कुरकुरते आहे. आपण म्हणता तसे सील शोधतो आहे. आठ मिलिमीटरच्या आसाला बसेल असे वागळेत मिळाले नाही, उद्या महापे एमआयडीसीत विचारून येईन.