अनुभव धागा: ऊसतोडीच्या गावांत मुलींची शाळा नेमकी कुठे सुटते?

बीडच्या ऊसतोड पट्ट्यात काम करणाऱ्यांनी लिहावं. 'पालकांत जागृती हवी' एवढंच लिहू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

शिक्षिका, जि. प. शाळा
दाखला काढून मुलगी जात नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांची टोळी निघते, मार्च-एप्रिलला परतते. दुसरं सत्र बुडतं, पण नाव पटावर असल्याने कागदावर गळती दिसत नाही. आईबाप पहाटेच फडात (उसाच्या रानात) जातात, मग कोपीवरचं (राहत्या झोपडीतलं) तान्हं, पाणी, भाकरी हे सगळं नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर पडतं. त्यामुळे घरी गेल्यावर तिच्या शाळेआधी धाकट्याला कोण सांभाळणार, हे विचारा. आजी गावातच असेल तर दोघंही मागे राहू शकतात. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची यादी दसऱ्याआधी पाठवा; टोळी गेल्यावर आलेली मंजुरी काय कामाची? आणि जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड) द्या, कारखाना आणि मुकादमाचा (टोळी नेणाऱ्याचा) फोन लिहून घ्या. तळ बदलत राहतो, पत्ता टिकत नाही.

कारखान्याजवळच्या शाळेतून
दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. वयानुसार वर्ग द्यायचा. तरी 'आधी आधार आणा' म्हणत परत पाठवणारे महाभाग आहेत.

बालविवाहाच्या प्रकरणांत काम करणारी
मोफत शिक्षणाचा कायदा 6 ते 14 वयापुरता. आठवी झाली की हायस्कूल लांब, आणि घरात लग्नाचा विषय. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) जोडीला मिळते: नवराबायको म्हणजे एक कोयता, एकटा म्हणजे अर्धा. हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात ती यामुळेही. 1098 या चाइल्डलाइनला कळवताना लग्नाची तारीख, ठिकाण, मुलीची शाळा सांगा. वयावरून वाद होतोच, म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा (जन्मतारीख असलेल्या प्रवेश नोंदवहीचा) उतारा आधीच काढून ठेवा. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंध अधिकारी असला तरी त्याला त्याच गावात नोकरी करायची असते. आईबापाच्या नुसत्या हमीपत्रावर सोडलं की लग्न दुसऱ्या गावात लागतं. प्रकरण बालकल्याण समितीपुढे न्या.

एसटीबद्दल
ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत आहे. अडतं ते गाडीच्या वेळेपाशी. शाळा सुटायच्या आधीच शेवटची गाडी निघून गेली तर पासाचा उपयोग काय? मुख्याध्यापकांनी जूनमध्येच थांब्यानुसार मुलींची संख्या लिहून आगारप्रमुखांना पत्र द्यावं.

उपस्थिती भत्ता
दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला 1 रुपया. बाकी काय बोलायचं!

सुटलेल्यांसाठी
पाचवी पास आणि 14 वर्षं पूर्ण असतील तर 17 नंबर फॉर्म भरून खासगीरीत्या (शाळेत न जाता) दहावीला बसता येतं. मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. लग्न झालेल्या मुलीने अर्जात सासरचं आडनाव न लिहिता दाखल्यावरचंच नाव लिहावं.