स्टेप-डाउन लावला तरी अर्थिंगचं काय?

‘११७ व्होल्टचा जुना अमेरिकन फेंडर गिटार-अँप आहे ना, मग स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावा, झालं’ हे अर्धंच बरोबर. साठच्या दशकातल्या यांपैकी बहुतेक अँपना दोन पिनांचा प्लग असतो आणि मेन्स (वीजपुरवठ्याची लाइन) ते चॅसिस (अँपचा धातूचा सांगाडा) ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो शॉर्ट झाला की करंट थेट गिटारच्या तारांत. ‘डेथ कॅप’ हे नाव उगाच नाही पडलं. तो काढा, तीन पिनांची केबल टाका, अर्थची वायर चॅसिसला बोल्टने घट्ट आवळा. पुण्यात तापकीर गल्लीत स्टेप-डाउन घेताना त्याच्या आउटपुटला खरंच अर्थ पोचतो का, तेही मीटरने तपासा. नाहीतर तिसरी पिन नुसती शोभेची.

आणि अँप बरीच वर्षं बंद असेल तर आधी त्यातल्या सगळ्या व्हॅक्यूम ट्यूब काढून, २३०च्या बाजूला ६० वॅटचा साधा पिवळा (फिलामेंटचा) बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.