वाडी रिकामी असताना भरणारी ग्रामसभा

मूळ लेख (पेण):
दिवाळी उलटली की रायगडच्या कातकरी वाड्यांत कुडाच्या दारांना सुतळी बांधली जाते आणि पावसाळ्यात घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, फेडायला कुटुंबे पोरेबाळे, कोंबड्या घेऊन वीटभट्टीवर जातात, ती आगोटीलाच, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच, परततात. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. त्यांपैकी पहिल्या दोन्ही भट्टीच्या हंगामात येतात. ज्यांच्या घरकुलांची यादी मंजूर व्हायची तेच हजर नसताना झालेल्या ठरावाला 'सर्वानुमते' म्हणणे मला पटत नाही. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह कातकरी ही राज्यातली विशेष असुरक्षित आदिम जमात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जमातींसाठीची केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाल्यावर घरांसाठी निधी आला, पण पायाखालची जागा दुसऱ्याच्या सातबारावर आहे. या वाड्यांची सभा जुलैत, वाडीतच व्हावी आणि राहत्या घराखालची जागा त्यांच्या नावे करावी.

प्रतिसाद (सुधागड):
आमच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत आजोबांनी त्यांना बसायला जागा दिली. आज सातबारावर आम्ही २३ वारस आहोत, निम्मे मुंबईला. सगळ्यांच्या सह्या मिळवताना वर्ष जाते. एका घराला नाव लागले की उद्या सगळा डोंगर जाईल, ही भीतीही खरी आहे. शासनाने गायरान द्यावे. शिवाय दहा गुंठे भात लावणाऱ्या कुणब्याचे घरही कुडाचेच असते. मदत जमात पाहून नव्हे, परिस्थिती पाहून द्यावी.

मूळ लेखिका:
सह्यांची अडचण मान्य आहे, म्हणूनच मोबदला शासनाने द्यावा. पण १९४८ च्या कूळकायद्यातही शेतमजुराच्या राहत्या घराला संरक्षण आहे. ते डोंगराला नाही, घराखालच्या जागेला आहे. परिस्थिती पाहायची तर सर्वेक्षण करावे लागते, आणि घरी नसलेली माणसेच त्यातून सुटतात. कुणब्यांना अवश्य द्या, पण त्यासाठी यांना रांगेत मागे ढकलू नका.

प्रतिसाद (रोहा):
सभेची तारीख बदलून पोट भरत नाही. श्रावणात घरात दाणा नसतो तेव्हाच भट्टीला मजूर पुरवणारा मुकादम उचल घेऊन येतो आणि १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा असूनही ती फिटता फिटत नाही. २०२० मध्ये आदिवासी कुटुंबांच्या पोटापाण्यासाठी मंजूर झालेले खावटी अनुदान कुटुंबामागे ४,००० रुपये होते, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत. असे काही दरवर्षी मुकादमाच्या आधी पोहोचले पाहिजे, सभा नंतर.

मूळ लेखिका:
खावटी आधी, हे मान्य. पण तिच्या यादीत येण्यासाठीही जातीचा दाखला लागतो, आणि तो काढायला माणूस गावात सापडतो तो पावसाळ्यातच.