मदत हवी आहे: ईस्ट पिलबरा शायरमध्ये (पश्चिम ऑस्ट्रेलिया) रस्त्यांची नोकरी, न्यूमनला कोणी राहिलंय का?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी मूळचा बीडचा, सिव्हिलवाला, तिकडे आठ वर्षं ग्रामीण रस्त्यांची कामं केली, आता तीन वर्षं पर्थमध्ये आहे. परवा ईस्ट पिलबरा शायरकडून रस्ते विभागातल्या जागेसाठी होकार आलाय. शायर म्हणजे आपली पंचायत समिती समजा, फक्त आकार ऐका: साधारण ३ लाख ७० हजार चौ. किमी. म्हणजे त्यात अख्खा महाराष्ट्र ठेवला, वर केरळ ठेवला तरी जागा उरते. आणि माणसं किती तर दहा हजाराच्या आसपास, आमच्याकडे आठवडी बाजाराला याहून जास्त जमतात.

ऑफिस न्यूमनला, पर्थपासून जवळपास १२०० किमी. आता गंमत अशी की ज्याला विचारावं तो खाणीबद्दलच सांगतो, पगार किती, कॅम्पात जेवण कसं. मला खाणीत जायचंच नाहीये. माझं काम जिगलाँग, पार्नगर, पुन्मू, कुनावारिट्जी अशा मार्टू (तिथले मूळ रहिवासी) लोकांच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या मातीच्या रस्त्यांचं आहे. तर त्या रस्त्यांवर गाडी चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं, वस्तीत गेल्यावर कसं वागायचं, आणि बायको व सात वर्षांची मुलगी यांना लगेच न्यावं का? बायको म्हणते आधी तू जाऊन बघ, मुलगी म्हणते कांगारू आहेत ना मग चला.

प्रतिसाद १
मी न्यूमनच्या खाणीवर चार वर्षं फ्लाय-इन फ्लाय-आउट (विमानाने जायचं, पाळी संपली की विमानाने घरी) केलंय. माउंट व्हेलबॅकचा तो अवाढव्य खड्डा रोज बघितला, पोर्ट हेडलंडला ४२६ किमी जाणारी लोहखनिजाची मालगाडी बघितली, गाव मात्र विमानतळ सोडून फारसं बघितलं नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझा पास. फॅमिलीचं म्हणाल तर प्राथमिक शाळा, हायस्कूल, सुपरमार्केट, दवाखाना सगळं आहे. ज्वारीचं पीठ पर्थहून न्या.

प्रतिसाद २
बीडचा उन्हाळा काढलेल्याला काय सांगायचं, तरी सांगतो. तुमच्याच शायरमध्ये मार्बल बार नावाचं गाव आहे, तिथे १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस रोजचं कमाल तापमान ३७.८ अंश किंवा त्याहून जास्त होतं. छत्री न्या 😀

प्रतिसाद ३
दादा, मी नर्स आहे, तिकडच्या वस्त्यांमधल्या क्लिनिकमध्ये दोन वर्षं काढलीत, जमेल तसं सांगते, लांबण लागेल.

आधी रस्ता. तुम्हाला मातीचा रस्ता माहीत आहे पण इथला मातीचा रस्ता म्हणजे पन्हाळी पत्र्याच्या छपरावरून गाडी चालवल्यासारखं, ग्रेडर (रस्ता सपाट करायचं मशीन) फिरून गेला की थोडे दिवस बरं आणि मग पुन्हा तेच. टायरमधली हवा कमी करायची, दोन स्टेपन्या, माणशी भरपूर पाणी, यूएचएफ रेडिओ आणि सॅटेलाइट फोन. मोबाइलची रेंज गाव सुटलं की संपलीच समजा. बुलडस्ट म्हणून एक प्रकार असतो, खड्ड्यात पावडरसारखी लाल माती भरलेली असते, वरून सपाट दिसतं आणि गाडी आत जाते. आणि नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन, एक जोरदार पाऊस झाला की रस्ता बंद, बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड. क्लिनिकची औषधं, दुकानाचा माल सगळं त्याच रस्त्याने येतं, त्यामुळे तुमच्या खात्याकडे लोक किती डोळे लावून असतात ते तिथे गेल्यावर कळेल. सिरियस पेशंटला मात्र फ्लाइंग डॉक्टरचं विमान, धावपट्टी सुकी असेल तर.

आता माणसं. मार्टू म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस. यातली काही कुटुंबं १९६४ पर्यंत वाळवंटातच होती, रॉकेटच्या चाचण्या होणार म्हणून सरकारी लोक त्यांना शोधत गेले आणि जिगलाँगला आणलं. जिगलाँग स्वतः १९०७ साली सशांना अडवायच्या कुंपणाचा डेपो म्हणून सुरू झालेलं. तिथल्याच तीन मुलींना १९३१ मध्ये आईपासून तोडून दक्षिणेला नेलं होतं, त्या पळून त्याच कुंपणाच्या कडेने चालत निघाल्या, साधारण १६०० किमी, दोघी घरी पोचल्या. हे सगळं आजच्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीतलं किंवा त्यांच्या आयांच्या. म्हणून पुन्मू आणि पार्नगर ही गावं समजून घ्या, १९८० च्या सुमारास लोक स्वतःहून आपल्या जमिनीवर परत गेले आणि ती वसवली. २००२ मध्ये कोर्टाने त्यांचा हक्कही मान्य केला.

वागायचं कसं तर घाई करू नका. इंग्रजी बऱ्याच जणांची तिसरी-चौथी भाषा आहे, प्रश्न विचारला की उत्तर लगेच येत नाही, गप्प बसायचं. परमिटशिवाय जायचं नाही, दारू न्यायची नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही. कोणी वारलं असेल तर सॉरी बिझनेस (त्यांचा दुखवटा) असतो, मीटिंग रद्द होते, वाईट वाटून घेऊ नका आणि गेलेल्याचं नाव तोंडातून काढू नका. आपल्या गोत्रासारखे त्यांचे चार गट आहेत, कारीमारा, पनाका, मिलांगका, पुरुंगू. काही दिवस राहिलात की तुम्हालाही एक मिळेल आणि मग तुम्ही कुणाचे मामा, कुणाचे जावई होऊन बसाल. जावई झालात तर जपून, तिथे सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, एका गाडीत तर अजिबात बसत नाहीत. मी एकदा गाडीत दोघांना बसवायला गेले होते, सगळे खाली उतरून उभे राहिले आणि मला कळेचना काय झालं.

धागाकर्ता
ताई खूप आभार, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. एकच शंका, आमच्याकडे रस्त्याला मुरूम लागला की जवळचा माळ बघायचा, तहसीलची परवानगी काढायची आणि खणायचं. तिथे काय?

प्रतिसाद ३
तेवढं मात्र बीडमध्येच ठेवून या. तुम्हाला माळ दिसतो तिथे त्यांची गोष्ट असते, एखादा दगड, एखादं पाणी. २०२० च्या मे महिन्यात तुमच्या शेजारच्या शायरमध्ये जूकन गॉर्जच्या गुहा खाणीसाठी स्फोटाने उडवल्या, ४६ हजार वर्षांपासून माणसाचा वावर होता तिथे, आणि कागदोपत्री परवानगी होती बरं का. त्यामुळे ऑफिसची परवानगी वेगळी आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन जागा दाखवणं वेगळं. एक-दोन दिवस जातात, जाऊ द्या. पाणी कुठून वाहतं, फरशी (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) कुठे टाकली तर टिकेल हे पण तेच सांगतील तुम्हाला.

धागाकर्ता
फरशीचं आमच्याकडेही असंच व्हायचं, गुराख्याला विचारलं असतं तर दोन पूल वाहून गेले नसते 🙏 ठरलं, मी एप्रिलनंतर एकटा जातो, शाळेची सुट्टी लागली की दोघींना बोलावतो. बायकोने सासू-जावयाचं वाचलं आणि म्हणतेय ही पद्धत आपल्याकडे सून-सासूला का नाही. सेकंडहॅन्ड फोर बाय फोर पर्थमध्येच घेऊ की तिकडे मिळेल? शायरची गाडी फक्त कामापुरती आहे.