दमा असलेल्या आईला लडाखला न्यावे का?

सायली, नाशिक
माझ्या आईचे वय 58 असून तिला बरीच वर्षे दमा आहे. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे आणि गेल्या वर्षभरात स्टिरॉइडच्या गोळ्या घेण्याची वेळ आलेली नाही. सप्टेंबरमध्ये मुंबईहून विमानाने लेहला जाण्याचा बेत आहे. सहल कंपनीच्या कार्यक्रमात तिसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडून नुब्रा खोरे, पुढे पँगाँग तळ्यावर मुक्काम आहे. तिला न्यावे का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी तिला चालेल का? शिवाय धाप लागल्यास हुंगायला कापराच्या पुड्या देणार आहेत म्हणे.

छातीविकार डॉक्टर
दमा आटोक्यात असेल तर केवळ त्यासाठी लडाख टाळण्याचे कारण नाही. उलट, उंचावरच्या कोरड्या हवेत धुळीतले सूक्ष्म किडे तग धरत नाहीत, त्यामुळे त्यांचे वावडे असलेल्या दमेकऱ्यांना तिथे बरेही वाटते. त्रास देतात ती थंड हवा, रस्त्यावरची धूळ आणि चढावरची घाई.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उंचीमुळे फुप्फुसात पाणी होऊ लागले, तर खोकला आणि धाप ही लक्षणे दम्यासारखीच दिसतात, आणि घरचे लोक पंपावर पंप देत बसतात. बसल्या जागीही धाप लागत असेल, पंपाने उतार पडत नसेल, तर ऑक्सिजन द्यावा आणि रुग्णाला ताबडतोब खाली उतरवावे.

डायमॉक्स शरीराला उंचीची सवय होण्यासाठी असते, दम्यासाठी नव्हे. सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती स्वतःहून घेऊ नये. नसल्यास आपल्या डॉक्टरांना विचारून घेता येते. डोके दुखले तर पॅरासिटामॉल द्यावी, कारण आयबुप्रोफेन वा अ‍ॅस्पिरिनने काही दमेकऱ्यांचा दमा उफाळतो. कापराने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. उग्र वासाने उबळ मात्र येऊ शकते, तेव्हा ती पुडी परत करावी.

भटका दमेकरी, पुणे
डॉक्टरांशी मी सहमत आहे, पण माझा आक्षेप कार्यक्रमाला आहे. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, आणि विमानातून थेट तिथे उतरणाऱ्याने निदान दोन पूर्ण दिवस गावातच काढावेत, शांती स्तूपाच्या पायऱ्याही पहिल्या दिवशी चढू नयेत. वेळ असेल तर श्रीनगर-कारगिलमार्गे मोटारीने जावे, कारण उंची टप्प्याटप्प्याने वाढते. नुब्रातले हुंदर लेहपेक्षा खाली असल्याने तिथला मुक्काम सोयीचा आहे. खारदुंग लावर फोटोपुरते थांबून निघावे.

पँगाँगचा मुक्काम मात्र मी रद्दच करून घेईन. तळे 4,200 मीटरहून उंच आहे आणि रात्री काही झाले तर लेहच्या रुग्णालयात पोहोचण्यासाठी आधी चांग लाची 5,300 मीटरहून अधिक उंच खिंड चढावी लागते, म्हणजे खाली उतरायचे म्हणून निघालेला रुग्ण आणखी वर जातो. तंबूत शेगडीचा धूर असेल तर तोही दमेकऱ्याला सोसत नाही.

पंप सामानात न ठेवता आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा; गारठलेल्या डबीतून औषधाचा फवारा कमी पडतो. जादा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) सोबत असू द्यावा.

सायली, नाशिक
दोघांचेही आभार. पँगाँग वगळून लेहमध्ये एक दिवस वाढवता येईल का, हे कंपनीला आजच विचारते. ऑक्सिमीटर घ्यावा का?

छातीविकार डॉक्टर
घ्यावा, पण लेहमध्ये धडधाकट माणसाचाही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 90 टक्क्यांच्या खाली दिसू शकतो, म्हणून एका आकड्याने घाबरू नये. इतरांपेक्षा आईंचा आकडा बराच कमी असेल आणि विश्रांतीनंतरही घसरत असेल, तर दवाखाना गाठावा.