‘दूरमुद्रक’ की टेलिप्रिंटर?

जुन्या संगणकांविषयी मराठीत लिहिताना टेलिप्रिंटरला, म्हणजे तारेवरून टंकित मजकूर पाठवणाऱ्या आणि आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राला, ‘दूरमुद्रक’ म्हणावे का, असा प्रश्न येथे विचारला गेला आहे. शब्दाच्या घडणीत काही खोट नाही आणि पारिभाषिक लेखनात तो आढळतोही. तरीही संगणकाच्या संदर्भात तो वापरू नये असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे व्याकरणात नसून त्या यंत्राच्या कामात आहेत.

‘मुद्रक’ म्हटले की मराठी वाचकाला वृत्तपत्राच्या तळाशी ‘मुद्रक व प्रकाशक’ म्हणून ज्याचे नाव छापलेले असते तो माणूस आठवतो. ‘दूरमुद्रक बिघडला’ असे वाक्य वाचून परगावच्या एखाद्या छापखानेवाल्याचे वागणे बिघडले, असा समज झाला तर दोष वाचकाचा नव्हे. शिवाय वृत्तसंस्थांचा मजकूर ज्या यंत्रावर येई त्याला वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटरच म्हणत, आणि १९६० साली मद्रासला ही यंत्रे बनवण्यासाठी स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचे नावही हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स असेच होते. ‘टेलिटाईप’ मात्र सरसकट वापरू नये. ते टेलिटाईप कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचे व्यापारनाम होते.

आता ‘दूर’ या पदाविषयी. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर येथे, डार्टमथ कॉलेजात भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिप्रिंटरवर गणित टंकित केले, ते न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेच्या गणकयंत्राने सोडवले आणि उत्तर त्याच टेलिप्रिंटरवर उमटले. येथे ‘दूर’ शब्दशः खरे आहे. परंतु १९४९ साली केंब्रिजला सुरू झालेल्या एडसॅक संगणकाची उत्तरे जो टेलिप्रिंटर छापत असे, तो संगणकाच्या शेजारीच होता. तारायंत्राच्या व्यवहारातले तयार, खात्रीचे यंत्र म्हणून संगणक बांधणाऱ्यांनी ते उचलले. अंतराशी त्यांना कर्तव्य नव्हते.

मँचेस्टरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील संगणकासाठी ॲलन ट्युरिंग यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत पाच-पाच द्विमान अंकांचा एकेक गट टेलिप्रिंटरच्या पंचघटकी संकेतातील चिन्हाने लिहिण्याची पद्धत आहे. पाचही शून्ये असली की तिरकी रेघ, पुढच्या संख्येला ‘ई’ हे रोमन अक्षर, अशी बत्तीस चिन्हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पाठ करावी लागत, आणि अक्षरांचा क्रम वर्णमालेचा नसल्यामुळे ते काम सोपे नव्हते. ज्या यंत्राने संगणकाला आपली लिपी दिली, त्याला नुसते छापणारे म्हणणे अपुरे ठरते.

१९६३ सालच्या टेलिटाईप मॉडेल ३३ एएसआर या यंत्राकडे पाहिले म्हणजे हा अपुरेपणा स्पष्ट होतो. समोर कळफलक, वर कागदाचे रीळ आणि डाव्या अंगाला एक इंच रुंदीच्या कागदी फितीवर भोके पाडणारा व ती वाचणारा जोड, अशी त्याची मांडणी होती. टंकन करताना चूक झाली तर फीत एक घर मागे घेऊन ‘रबआउट’ ही कळ दाबायची, म्हणजे त्या अक्षराच्या जागी सगळी भोके पाडली जात. पाडलेले भोक बुजवता येत नाही, पण उरलेली पाडता येतात. आणि सर्व भोके असलेली ओळ वाचणाऱ्याने सोडून द्यायची, असा संकेत होता. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या ॲस्की या संगणकी संकेतात ‘डिलीट’ला १२७ हा क्रमांक, म्हणजे सात एकांची रांग, मिळाली ती याच कारणाने.

‘कॅरेज रिटर्न’ आणि ‘लाइन फीड’ यांना एकच मराठी शब्द देऊ नये, हेही येथे सांगायला हवे. पहिल्याने छपाईचा भाग डाव्या कडेला परत जाई, दुसऱ्याने कागद एक ओळ वर सरके. यंत्राचा वेग सेकंदाला १० अक्षरे होता आणि उजव्या टोकाकडून परतायला एका अक्षराहून अधिक वेळ लागे, म्हणून परतीचा संकेत आधी पाठवत. विंडोजच्या मजकूर-फायलींत ओळीच्या शेवटी ही दोन्ही चिन्हे आजही जोडीने असतात. युनिक्सने एकावर भागवले.

‘बॉड’ या एककाबद्दलही गोंधळ दिसतो. एमिल बोदो या फ्रेंच तंत्रज्ञाच्या नावावरून ते आले असून त्याचा अर्थ सेकंदाला इतकी अक्षरे असा नाही, तर सेकंदाला संकेताचे इतके घटक असा आहे. मॉडेल ३३ वर एका अक्षरासाठी ११ घटक जात, म्हणून ११० बॉड म्हणजे सेकंदाला १० अक्षरे.

म्हणून यंत्राला टेलिप्रिंटर म्हणावे, संगणकाशी बोलण्याच्या त्याच्या भूमिकेला टर्मिनल म्हणावे, आणि लिनक्समध्ये अजून टिकून असलेले ‘टीटीवाय’ हे टेलिटाईपचे संक्षिप्त रूप तसेच ठेवावे. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील ‘प्रिंट’ या आज्ञेचे मराठी ‘दाखवा’ असे करण्याची सूचना येथे आली आहे. आजच्या पडद्यासाठी ती ठीक आहे, पण १९६४ साली डार्टमथला ही आज्ञा दिली की टेलिप्रिंटरवरच्या कागदावर खरोखरच अक्षरे उमटत, तेव्हा त्या काळाविषयीच्या लेखात ‘छापा’ हेच बरोबर आहे.