सरकारी जमिनीवर घर : पात्र कोण, हे ठरते कुठे?

वर्ग_दोनचा_वारस यांचा प्रश्न :

माझे वडील राज्य सरकारच्या सेवेत होते. १९८०च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांसह गृहनिर्माण संस्था स्थापन केली, जिल्हाधिकाऱ्यांकडून संस्थेला शहरात जमीन मिळाली आणि भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन, बायकांचे दागिने गहाण ठेवून सभासदांनी तीन मजली इमारत उभी केली. जमीन बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळाली होती, हे वडील कधी लपवत नसत. आता संस्थेपुढे पुनर्विकासाचा प्रस्ताव आहे. त्याआधी सरकारला अधिमूल्य (ठराविक रक्कम) भरून जमीन भोगवटादार वर्ग-२ मधून, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणाऱ्या प्रकारातून, तशी अट नसलेल्या वर्ग-१ मध्ये आणायची, असे ठरत आहे.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बृहन् हैदराबाद महापालिकेच्या हद्दीतील एक धोरण रद्द केले. त्या धोरणाने खासदार, आमदार, अखिल भारतीय सेवेतील अधिकारी, न्यायाधीश आणि पत्रकार यांच्या संस्थांना मूळ दराने, म्हणजे स्वस्तात, भूखंड दिले जात होते. तो निकाल वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या नावावर गावी घरकुल मंजूर आहे, पण बांधायला जागा नसल्यामुळे पहिला हप्तासुद्धा मिळालेला नाही, आणि आम्ही मात्र मोठ्या सदनिकांचे नकाशे पाहत बसलो आहोत. सरकारने निवासी जमीन द्यायची तर ती कोणत्या तत्त्वावर द्यावी? सर्वांची नावे एकत्र करून सोडत काढणे, हाच त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग नव्हे काय?

निवृत्त_नायब यांचे उत्तर :

महसूल खात्यात बत्तीस वर्षे काढली, त्यामुळे आधी एक खुलासा करतो. हैदराबादच्या निकालाचा रोख सरकारी नोकराला जमीन मिळूच नये असा नाही. जे आधीच सुस्थितीत आहेत आणि ज्यांच्या हाती धोरण ठरवण्याची सत्ता आहे किंवा त्या सत्तेशी ज्यांची जवळीक आहे, त्यांचा वेगळा वर्ग करून त्यांनाच सार्वजनिक जमीन स्वस्तात देणे हे राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेत बसत नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्या वडिलांसारख्या, दर काही वर्षांनी बदली होणाऱ्या आणि निवृत्तीनंतर डोक्यावर छप्पर असेल की नाही याची खात्री नसलेल्या कर्मचाऱ्याला मी त्या रांगेत बसवणार नाही.

मात्र एक गोष्ट आपण सारेच सोयीस्करपणे विसरतो. त्या काळी जमीन स्वस्त मिळाली ती अटींच्या मोबदल्यात. प्रत्येक सभासदाची पात्रता जिल्हाधिकारी कार्यालयात तपासली जाई, राज्यातील वास्तव्याचा पुरावा आणि त्या शहरात स्वतःचे घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे, मागासवर्गीय सभासदांचा वाटा राखावा लागे आणि पुढे सदनिका विकायची झाली तर पूर्वपरवानगी घेऊन अनर्जित उत्पन्नाचा (जमिनीचा भाव वाढल्यामुळे आपोआप झालेल्या नफ्याचा) हिस्सा शासनाकडे भरावा लागे. प्रत्यक्षात काय घडले, ते मी संस्थांच्या तपासणीला जात असे तेव्हा पाहिले आहे. यादीतले नाव जुनेच, दारावरची पाटी नवी, आणि मधल्या व्यवहाराचा पुरावा म्हणून एक कुलमुखत्यारपत्र. शर्तभंगाच्या नोटिसा निघत आणि सुनावण्यांवर सुनावण्या होत राहत.

२०१९च्या नियमांनी ठराविक मुदतीत अर्ज करणाऱ्या संस्थांना वार्षिक दर विवरणपत्रातील (रेडी रेकनरमधील) किमतीच्या १५ टक्के रकमेत वर्ग-१ होण्याची वाट करून दिली. व्यवहार सुटसुटीत झाले, हे मी मान्य करतो. पण ज्या अटीच्या मोबदल्यात सवलत मिळाली होती ती अट उठली आणि सवलत मात्र घरात राहिली, हेही तितकेच खरे आहे. आपली अस्वस्थता योग्य जागी आहे, फक्त ती वडिलांच्या वाटपाबद्दल नसून आज होणाऱ्या रूपांतराबद्दल असायला हवी. सोडतीचे म्हणाल, तर चिठ्ठी उचलणारे मूल निष्पाप असते, परंतु मडक्यात कोणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या हे त्या मुलाला कोणी विचारत नाही.

उलवेकर यांचे उत्तर :

नायबसाहेबांचे म्हणणे पटते, पण ‘वाटप’ या शब्दावर आम्हा नवी मुंबईकर प्रकल्पग्रस्तांचा आक्षेप आहे. ९५ गावांची शेती, मिठागरे आणि खाजण शहरासाठी गेले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि पागोटे येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आम्ही याला परतफेड म्हणतो, आणि तीही अपुरी.

गणित पाहा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे झाले. त्यातून सामाजिक सुविधांसाठी मूळ जमिनीच्या पावणेचार टक्के वजा जातात, म्हणजे हातात साडेतीन गुंठे, सुमारे ३५० चौरस मीटर. आमच्या आजोबांच्या एकरावर तोपर्यंत नऊ वारस लागले होते. दोन आत्यांची नावे वारसनोंदीत उशिरा लागली, तेवढ्यात फाईल कपाटात गेली. घरातले लग्न आणि आजारपण काही फाईलसाठी थांबत नाही, म्हणून भूखंड हातात येण्यापूर्वीच पात्रता विकासकाला विकून त्रिपक्षीय (सिडको, हक्कदार आणि विकासक यांच्यातल्या) करारावर सह्या करणारी घरे प्रत्येक गावात सापडतील. ज्याला दहा वर्षे थांबणे परवडले त्याने भूखंडाची पूर्ण किंमत घेतली. कागदावर दोघांचाही हक्क सारखाच होता.

आणखी एक गोष्ट आमच्याच लोकांना आवडणार नाही. परतफेडीचे माप गुंठे हे होते. दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणाऱ्याचीही रोजी त्या जमिनीबरोबर गेली, पण सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे साडेबाराच्या हिशोबात त्याचा आकडाच नव्हता.

बांधावरची यांचे उत्तर :

मी एका ग्रामपंचायतीत पाच वर्षे सदस्य होते, म्हणून मावशींच्या अडचणीबद्दल लिहिते, कारण इथे साऱ्यांनी ती वाचली आणि पुढे गेले.

ग्रामीण घरकुलासाठी सपाट भागात मूळ मदत १ लाख २० हजार रुपये आहे आणि घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी राज्याची दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तीत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी आधी ५० हजार आणि नंतर वाढवून १ लाख रुपयांपर्यंत मदत ठरली. योजना वाचताना बरे वाटते. पण ५०० चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही, आणि शेतजमिनीतला एवढा तुकडा विकण्याच्या आड तुकडेबंदीचा कायदा येत होता. एक खाते जागा खरेदीला पैसे देत होते आणि दुसरे खाते त्याच जागेचा दस्त नोंदवून घेत नव्हते. २०२४ मध्ये नियम बदलून घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने वाट काढण्यात आली. तोवर आमच्या गावातील दोन मंजूर घरकुले परत गेली होती, आणि त्यांतील एक म्हातारी अजूनही दिराच्या पडवीत राहते.

उरले गायरान. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना रीतसर पट्ट्याने दिलेल्या जागेसारखे थोडे अपवाद ठेवले. गुरांना चरायला जागा हवी, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला कोणी शिकवायला नको. दुसरीकडे, शासकीय जमिनीवरील राहती अतिक्रमणे नियमित करण्याच्या राज्याच्या धोरणात १ जानेवारी २०११ ही सीमारेषा आहे. म्हणजे त्याआधी ज्याने कूड उभारला त्याला हक्क मिळतो, आणि ‘सरकार देईल तेव्हा घेऊ’ म्हणून जी बाई भावाच्या घरी थांबून राहिली ती यादीबाहेर जाते. कायदा पाळल्याची शिक्षा याहून वेगळी काय असते? सोडत, लिलाव, राखीव वाटा यांवर खुशाल चर्चा करा, पण ती बाई यांपैकी कोणत्याच मडक्यात नाही.

वर्ग_दोनचा_वारस यांचा प्रतिसाद :

तिघांचेही आभार. नायबसाहेब, आमच्या विशेष सर्वसाधारण सभेत रूपांतराचा ठराव येणार आहे. मी त्याला विरोध करणार नाही, तसे केले तर ते ढोंग ठरेल. मात्र ज्या सदनिकांचे हस्तांतर परवानगीशिवाय झाले आहे त्यांची यादी आधी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी, असा उपठराव मांडणार आहे. तो संमत होईल असे वाटत नाही. बांधावरच्या ताई, मावशींच्या गावात एक शेतकरी अर्धा गुंठा द्यायला तयार आहे. सुरुवात कुठून करावी?

बांधावरची :

त्या शेतकऱ्याचे संमतीपत्र स्टँपपेपरवर घ्या, चालू सातबारा जोडा आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे मावशींच्या घरकुल मंजुरीच्या प्रतीसह अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.